मुलाचे कान तपासले, वर्ग कोण तपासणार?

‘श्रवणशक्ती सामान्य.’ ऑडिओग्रामच्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या अहवालाच्या तळाशी हे दोन शब्द उमटले की बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. शिक्षक म्हणतात, ऐकू तर नीट येतंय, म्हणजे पोराचं लक्षच नसतं. आणि मूल परत त्याच बाकावर जाऊन बसतं, जिथे ‘पान एकोणसाठ काढा’ म्हटलेलं त्याला ‘एकोणसत्तर’ ऐकू येतं आणि एका दमात सांगितलेल्या तीन सूचनांपैकी एखादीच हाती लागते. शेवटच्या तासापर्यंत ते ऐकून ऐकून इतकं दमलेलं असतं की खिडकीबाहेर बघत बसण्यापलीकडे त्याच्यात त्राण उरत नाही. त्या बघण्याला मग ‘दुर्लक्ष’ असं नाव पडतं.

अहवाल खोटा नसतो. तो एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून एका वेळी एकाच कानात एकच शुद्ध सूर सोडतात. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत पायरी पायरीने जातात आणि प्रत्येक पायरीवर किती हळू सूर कळतो ते नोंदवतात. हा उंबरठा सगळीकडे २० डेसिबलच्या आत असला की श्रवणशक्ती सामान्य. कानातला बिघाड शोधायला या चाचणीला तोड नाही. पण चाचणीतला सूर एक-दोन सेकंद टिकतो, बोलण्यातलं व्यंजन डोळ्याचं पातं लवायच्या आत संपून गेलेलं असतं. चाचणीची खोली निःशब्द असते, वर्ग कधीच नसतो. आणि सूर आला म्हणून बटण दाबणं वेगळं, वाक्य ऐकून त्याप्रमाणे हात चालवणं वेगळं. ‘किती हळू आवाज कळतो’ याचं उत्तर आपण ‘गोंगाटात बोलणं कळतं का’ या प्रश्नाला चिकटवतो आणि तिथे गफलत होते.

माझं म्हणणं असं आहे की अशा मुलांच्या बाबतीत पहिली दुरुस्ती मूल ज्या खोलीत ऐकतं त्या खोलीची व्हावी, मुलाचा मेंदू दुरुस्त करायचा विचार त्यानंतर. आणि खोलीची दुरुस्ती कुठल्याही निदानाच्या कागदासाठी अडवून ठेवू नये. निदान हवंच, नीट हवं. पण मदतीच्या वाटेवरचा टोलनाका म्हणून ते उभं राहू नये. हे असं का, ते कळायला आवाजाचा कानाच्या पुढचा प्रवास पाहावा लागतो.

आतल्या कानातली कॉक्लिया म्हणजे शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी. तिच्यातला थरथरणारा पापुद्रा उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरतो. त्याचा सुरुवातीचा भाग उंच सुरांना हलतो, टोकाकडचा भाग खालच्या सुरांना. पापुद्र्यावरून लाट कशी पळते हे दाखवून दिल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचं नोबेल मिळालं. पापुद्र्यावरच्या साधारण ३५०० आतल्या केसपेशी निरोप पाठवतात, १२००० च्या आसपास बाहेरच्या केसपेशी क्षीण कंप वाढवून देतात, आणि सुमारे ३०००० तंतूंचा श्रवणमज्जातंतू तो निरोप मेंदूकडे नेतो. ऑडिओग्राम मुख्यतः इथपर्यंतची खबर देतो.

खरं काम याच्या पुढे सुरू होतं. मेंदूच्या मुळाशी असलेल्या पहिल्याच ठाण्यावर प्रत्येक तंतू फुटतो आणि वेगवेगळ्या जातीच्या पेशींकडे जातो. काही पेशी आवाजाची फक्त सुरुवात टिपतात, काही त्याच्या लाटांचा ठेका धरतात. दुसऱ्या ठाण्यावर दोन कानांचा हिशेब जुळवला जातो. अगदी उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाशी फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि सरावलेला माणूस त्यातला १० मायक्रोसेकंदांइतका फरकही ओळखू शकतो. तिथून मध्यमेंदू, मग थॅलॅमस, आणि शेवटी कानशिलाच्या आतल्या घडीत असलेला मेंदूचा श्रवणपट्टा. टिचकीसारखा आवाज दिल्यावर मुळाशी असलेल्या ठाण्यांचे प्रतिसाद १० मिलिसेकंदांच्या आत उमटतात आणि डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून ते मोजता येतात. ही वाट एकेरीही नाही. मेंदूच्या वरच्या थरांतून खाली येणारे तंतू आहेत, आणि मेंदूच्या मुळातून तर थेट कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशींपर्यंत तंतू जातात. म्हणजे आधी ऐकायचं आणि मग लक्ष द्यायचं, अशा दोन स्वतंत्र पायऱ्या नसतात. लक्ष ऐकण्याच्या वाटेतच मिसळलेलं असतं. ‘याला ऐकू येत नाही की हा लक्ष देत नाही’ या प्रश्नाचं सरळ उत्तर अनेकदा का मिळत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

आता एक गोष्ट जवळून पाहू. ‘कडी, खडी, गडी, घडी’ हे चार शब्द सावकाश, मोठ्याने म्हणून बघावेत. जिभेचा मागचा भाग चारही वेळा वर त्याच जागी टेकतो, पुढचं ‘डी’ तेच राहतं. फरक आहे तो वेळेचा आणि श्वासाचा. ‘ग’ म्हणताना जीभ सुटण्याआधीच स्वरतंतू कंप पावू लागतात. ‘क’मध्ये जीभ सुटते आणि अगदी थोड्या वेळाने कंप सुरू होतो. ‘ख’मध्ये त्या मधल्या वेळात श्वासाचा झोत जातो आणि कंप आणखी रेंगाळून येतो. ‘घ’मध्ये कंपही असतो आणि श्वासही. लिस्कर आणि एब्रॅमसन या संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये ही अंतरं मोजली, त्या अकरांत मराठी होती. ‘क’ आणि ‘ख’मधला सगळा भेद साधारण ५०-६० मिलिसेकंदांचा. एवढ्या फटीत मेंदूला ठरवायचं असतं की दाराची कडी म्हटली की रस्त्यावरची खडी.

आणि ही फट नाजूक असते. बोलण्यातली बहुतेक ताकद स्वरांत असते. ‘आ’, ‘ओ’ दणकट असतात, लांब टिकतात. ‘ख’चा श्वास, ‘स’चा सुसकारा, ‘त’चा फटकारा हे सगळं त्यांच्यापुढे किरकोळ, पण शब्दाला शब्दापासून वेगळं करायचं काम बरंचसं त्यांच्याकडेच. गोंगाट वाढला की आधी हीच व्यंजनं बुडतात. खोली घुमत असली तर आधीच्या स्वराची शेपूट मागून येणाऱ्या व्यंजनावर पडते आणि ते पुसलं जातं. म्हणून अशी मुलं म्हणतात, ‘आवाज येतो, पण काय म्हणाले ते कळत नाही.’ मुलाने केलेलं हे वर्णन अत्यंत अचूक असतं. त्याला सबब समजू नये.

मोठ्यांचा मेंदू या फटी भरून काढतो. अर्धा शब्द बुडाला तरी वाक्याचा रोख, विषय, व्याकरण यांच्या आधाराने तो उरलेला अर्धा जागच्या जागी बसवतो. बोलणारा कोणत्या दिशेला आहे यावरून त्याचा आवाज इतरांपासून सोडवून घेतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडून एकाच कानातलं मागोमाग म्हणायला लावलं. दुसऱ्या कानातलं बोलणं कोणत्या भाषेत होतं हेसुद्धा लोकांना नंतर सांगता येईना, इतकी ही चाळणी पक्की. पण ती जन्मतः पक्की नसते. मागे इतरांचं बोलणं चालू असताना एका माणसाचं बोलणं पकडण्याची कुवत किशोरवयापर्यंत वाढत जाते. शिवाय फट भरायला शब्दसाठा लागतो, आणि मूल शाळेत येतं तेच मुळी नवे शब्द शिकायला. जो शब्द आयुष्यात पहिल्यांदा कानावर पडतोय, तो अंदाजाने पुरा करता येत नाही. म्हणून खोलीतला जो गोंगाट शिक्षकाला ‘चालण्यासारखा’ वाटतो, तोच मुलाला फार महागात पडतो.

ऑडिओग्राम चांगला असूनही ऐकणं बिघडू शकतं, याचे पुरावे जुने आहेत. बोक्का आणि कालेआरो या इटालियन डॉक्टरांनी १९५४ साली मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेल्या रुग्णांना मुद्दाम बिघडवलेलं बोलणं ऐकवलं. सुरांची चाचणी ठीक, पण गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने ते बोलणं नीट कळेना. १९९६ मध्ये ‘ऑडिटरी न्यूरोपॅथी’ हे नाव रूढ झालं. यात बाहेरच्या केसपेशी धडधाकट असतात, पण मज्जातंतूतल्या निरोपांची वेळ जुळत नाही. अशा माणसाला आवाज कळतो, शब्द विस्कटतात. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांनी श्रवणाचे उंबरठे पूर्ववत झाले, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही भागांतले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेले होते. तेव्हा ‘ऑडिओग्राम ठीक, म्हणजे सगळं ठीक’ हे वाक्य शरीरशास्त्राला धरून नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग गोंगाटात अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘श्रवण-प्रक्रिया विकार’, म्हणजे कान ठीक असूनही ऐकलेलं मेंदूला नीट न उलगडणं, आहे असं लिहून टाकावं. तिथेही मला तितक्याच जोराने थांबवायचं आहे. हे लेबल आजच्या घडीला फार डळमळीत पायावर उभं आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदींत त्याला एच९३.२५ असा सांकेतिक क्रमांक आहे, पण मानसोपचाराच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात त्याला जागा नाही. ऑस्ट्रेलियातल्या विल्सन आणि अर्नॉट यांनी २०१३ साली १५० मुलांचे तेच ते चाचणीनिकाल घेतले आणि त्यांना नऊ वेगवेगळे निकष लावून पाहिले. एका निकषाने ७.३ टक्के मुलांना विकार निघाला, दुसऱ्याने ९६ टक्के. मुलं तीच, गुण तेच.

यामागचं गणित साधं आहे आणि पालकांनी ते समजून घ्यावं. सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) खाली म्हणजे नापास, असं धरलं तर पूर्ण निरोगी मुलांतली शंभरात दोन-तीन एका चाचणीत नुसत्या योगायोगाने नापास होतील. आता दहा चाचण्या घेतल्या, त्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या आणि ‘एकीत नापास तरी पुरे’ असं ठरवलं, तर निरोगी मुलांतलंही जवळजवळ पाचातलं एक मूल विकारग्रस्त ठरतं. दोन्ही कानांचे गुण वेगळे धरून वीस आकडे केले, तर शंभरात सदतीस. अमेरिकेतल्या श्रवणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सहसा किमान दोन चाचण्यांत नापास होण्याची अट घालतात, ती यासाठीच. तरीही मूल भुकेलं, दमलेलं, कंटाळलेलं असलं तर दोन काय, चारही चाचण्या ढासळतात. ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी ६ ते ११ वर्षांच्या १४६९ मुलांची तपासणी करून २०१० साली निष्कर्ष मांडला, तो असा की रोजच्या ऐकण्यातल्या अडचणींचा संबंध कानाच्या बारीक कसबापेक्षा लक्ष टिकवण्याशी आणि आकलनाशी जास्त दिसतो. तेच मूल श्रवणतज्ज्ञाकडे आधी गेलं तर श्रवण-प्रक्रिया विकार, वाचा-भाषा तज्ज्ञाकडे गेलं तर भाषाविकार, मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), असंही घडतं. भाषेच्या विकाराचं प्रमाण तर तिसाच्या वर्गात दोन मुलं इतकं आहे, आणि ‘कानाचा प्रश्न’ या नावाखाली तो वर्षानुवर्षं झाकला गेला तर मुलाचं मोठं नुकसान होतं.

मग दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात. एक म्हणतं, असा विकारच नाही, मुलाला शिस्त लावा. दुसरं म्हणतं, विकार आहे, हे सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत असतं की बदलायचं ते मुलाने. वर्गाला कोणी हात लावत नाही.

वर्गाचे आकडे काय सांगतात ते पाहा. साध्या बोलण्याचा आवाज बोलणाऱ्यापासून एक मीटरवर ६० ते ६५ डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे चार मीटरवर १२ डेसिबल गेले, उरले ५० च्या आसपास. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज ही घट थोडी भरून काढतो, पण तो परतलेला आवाज पुसट आणि लांबलेला असतो. मुलं बसलेली असताना वर्गातला गोंगाट सहज ५५-६० डेसिबलला पोहोचतो. शेवटच्या बाकावर बोलणं आणि गोंगाट बरोबरीत येतात, कधी बोलणंच खाली जातं. आणि मुलांना नवं काही शिकताना बोलणं गोंगाटाच्या किमान १५ डेसिबल वर हवं, ही शिफारस जगभर मानली जाते. एएनएसआय या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या २००२ सालच्या मानकात रिकाम्या वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत, आणि २८३ घनमीटरपर्यंतच्या वर्गातला घुमारा ०.६ सेकंदांच्या आत असावा असं म्हटलं आहे. घुमारा म्हणजे आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ.

हा घुमारा कागदावर काढता येतो. वॉलेस सॅबिन यांचं सूत्र शंभराहून अधिक वर्षं वापरात आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीच्या एकूण शोषणाने भागा. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो किती आवाज गिळतो तो अंक. समजा वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. घनफळ १४४ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून १८० चौरस मीटर. सगळं गिलावा, काच आणि फरशी असेल तर शोषणाचा सरासरी अंक ०.०५ धरू, एकूण शोषण ९ चौरस मीटर. घुमारा निघतो सुमारे २.६ सेकंद, म्हणजे शिफारशीच्या चौपटीहून जास्त. एवढ्या वेळात शिक्षकाच्या तोंडून आणखी चार-पाच शब्द निघून गेलेले असतात आणि ते सगळे एकमेकांवर सांडतात. आता फक्त छताला, म्हणजे ४८ चौरस मीटरला, ०.७ अंकाच्या ध्वनिशोषक पट्ट्या बसवल्या तर शोषण ४० चौरस मीटरवर जातं आणि घुमारा ०.६ च्या किंचित खाली येतो. एका छताने हे होतं. मुलं आणि त्यांची दप्तरं आत आली की तो आणखी उतरतो.

घुमारा उतरला की दुसरा फायदाही होतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली नोंदवलं की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. घुमणाऱ्या वर्गात मुलं आवाज चढवतात, त्याने गोंगाट वाढतो, शिक्षक त्याहून वर चढवतात, मुलं आणखी. छत आवाज गिळू लागलं की ही शिडी खालच्या पायरीवरच थांबते. शिक्षकांचा घसाही वाचतो.

यात चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. ध्वनिशोषण आणि ध्वनिरोध यांत गल्लत होते. छताच्या पट्ट्या आतला घुमारा गिळतात, बाहेरच्या रस्त्याचा आवाज अडवत नाहीत. तो अडवायला दाराखालची फट बुजवावी लागते, खिडकीच्या चौकटीला रबर लावावं लागतं, कारण जिथून हवा येते तिथून आवाज येतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काही साधत नाही, ते बोलण्याच्या पट्ट्यातलं फारच थोडं शोषतात. पातळ फोम फक्त उंच सूर गिळतो आणि खालच्या सुरांचा घुमारा तसाच राहतो, म्हणजे खोली बोदी होते, स्पष्ट होत नाही. जाडी ५० मिलिमीटरच्या आसपास आणि मागे थोडी पोकळी ठेवली की खालचे सूरही आवरतात. स्वस्त फोम झपाट्याने पेट घेतो, तेव्हा आगीची चाचणी झालेलाच माल घ्यावा. हे मुलांच्या जिवाचं काम आहे. आणि पट्ट्या मळल्या म्हणून दोन वर्षांनी त्यांच्यावर जाड रंग मारला तर छिद्रं बुजतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो. पैसे अगदीच नसतील तर खुर्च्या-बाकांच्या पायांना रबरी टोप्या, खडखडणाऱ्या पंख्याची दुरुस्ती आणि तासाला दार बंद, एवढ्यानेही मागचा आवाज कमी होतो.

‘एका मुलासाठी एवढं करायचं?’ हा आक्षेप येतो. हे एका मुलासाठी नसतंच. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठलेलं मूल काही आठवडे २०-३० डेसिबल कमी ऐकत असतं आणि कुणाला पत्ताही नसतो. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला तेवढंच समजायला जास्त स्वच्छ आवाज लागतो. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला घुमारा सर्वांत जास्त छळतो, कारण यंत्र बोलण्याबरोबर घुमाराही वाढवतं. पायऱ्या असलेल्या दाराशी उतार बांधताना आपण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाकडे आधी प्रमाणपत्र मागत नाही. आवाजाच्या बाबतीत तेवढा साधा विचार अजून रुजायचा आहे.

खोलीनंतर साधनाचा नंबर लागतो. रिमोट मायक्रोफोन म्हणजे शिक्षकाच्या छातीवर, तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर लावलेला छोटा माइक आणि मुलाच्या कानात कान बंद न करणारा छोटा रिसीव्हर. चार मीटरचं अंतर या साधनाने वीतभर होतं. लेबल काहीही असो, बोलणं गोंगाटाच्या वर काढायला याच्याइतका सरळ उपाय दुसरा नाही. साधन मात्र वापराअभावी मरतं. रात्री चार्ज करायला विसरतात. माइक गळ्यातल्या माळेवर घासून खरखरतो. दुसरं मूल उत्तर देतं तेव्हा माइक त्याच्या हातात दिला जात नाही, म्हणून निम्मी चर्चा हरवते. आणि आवाज किती ठेवायचा हे श्रवणतज्ज्ञाने मोजून ठरवायला हवं, कारण या मुलाचे कान शाबूत आहेत आणि ते शाबूतच राहिले पाहिजेत.

ओरडून बोलणं हा उपाय नाही, हे शिक्षकांना कुणीतरी नीट सांगायला हवं. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच मोठं होतं. त्यापेक्षा दोन वाक्यांमध्ये श्वासभर थांबावं. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पान क्रमांक आणि तारीख फळ्यावर लिहावी, मराठीतले आकडे तर ऐकताना भलतेच सारखे वाटतात. मुलाला नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगावं. ‘कळलं का?’ विचारू नये, कारण मूल ‘हो’ म्हणतं. ‘आता आधी काय करणार, सांग’ असं विचारावं.

आता सॉफ्टवेअरबद्दल. १९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून, ध्वनी ताणून आणि ठळक करून ऐकवणाऱ्या संगणकीय सरावाची मोठी आशा निर्माण झाली आणि त्यावर ‘फास्ट फॉरवर्ड’ नावाचा कार्यक्रम विकला गेला. २००८ मध्ये भाषेची अडचण असलेल्या २१६ मुलांचे चार गट करून त्याची कसून तपासणी झाली. सगळ्या गटांत सुधारणा दिसली, अगदी ज्या गटाला फक्त साधे शैक्षणिक संगणकी खेळ दिले होते त्यातही तेवढीच. २०११ च्या एकत्रित आढाव्यात या कार्यक्रमाचा भाषेवर किंवा वाचनावर विशेष परिणाम आढळला नाही. सगळा सराव व्यर्थ असतो असं मी म्हणत नाही. नेमकी उणीव सापडली, उदाहरणार्थ दिशेच्या आधाराने आवाज सोडवता न येणं, तर त्यावरच्या नेमक्या सरावाने ते कसब सुधारू शकतं. पण विकणाऱ्याला पालकांनी दोन प्रश्न विचारावेत. ही सुधारणा कशाच्या तुलनेत मोजली? आणि ती खेळातल्या गुणांत दिसली की वर्गातल्या ऐकण्यात? उत्तर मिळेपर्यंत पैसे आणि मुलाच्या संध्याकाळी राखून ठेवाव्यात.

तपासणी करायची ती क्रमाने. आधी कानातला मळ, पडदा, मधल्या कानाचा दाब. मग ३००० आणि ६००० हर्ट्झसकट पूर्ण ऑडिओग्राम. मग बाहेरच्या केसपेशींचा प्रतिध्वनी आणि मधल्या कानातल्या स्नायूचं आवाजाला आकसणं. पेशी ठीक पण स्नायू आकसत नसेल, तर मेंदूच्या मुळाचे प्रतिसाद मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ऑडिटरी न्यूरोपॅथी नेमकी इथेच निसटते. त्यानंतर गोंगाटातलं बोलणं, दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे आकडे, आवाजातली बारीक फट ओळखणं या चाचण्या. त्याही मुलाच्या स्वतःच्या भाषेत, सकाळी, मध्ये विश्रांती देऊन. सात वर्षांच्या आत या चाचण्यांवर भरवसा ठेवू नये. त्या वयात मुलामुलांत फरकच इतका असतो की निकालाला अर्थ राहत नाही. आणि भाषा, लक्ष, स्मरण यांची तपासणी त्याच अहवालात हवी. ती नसेल तर अहवाल अर्धा आहे. एका बाबतीत मात्र क्रम मोडायचा. चांगलं बोलणारं, समजणारं मूल अचानक बोललेलं समजेनासं झालं, तर वर्ग-बिर्ग बाजूला ठेवून तडक मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावं आणि झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) करून घ्यावा. लँडाऊ-क्लेफनर नावाचा अपस्माराचा एक दुर्मीळ प्रकार असाच सुरू होतो आणि त्यात दवडलेला वेळ भरून येत नाही.

हे सगळं होईपर्यंत महिने जातात. वर्ग तपासायला एक तास पुरतो. शिक्षकांनी वीस शब्दांची यादी करावी: कडी, खडी, गडी, घडी, पार, फार, बार, भार, ताट, थाट, दार, धार, असे. नेहमी उभं राहायचं तिथेच उभं राहावं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरावा (कागद ओठांपासून वीतभर लांब, नाहीतर तोच आवाज अडवेल), आणि रोजच्या आवाजात शब्द म्हणावेत. पंखे चालू, दार उघडं, जसं असतं तसं. मुलांनी ऐकू आलं ते लिहावं. मग पंखे बंद, दार बंद, शब्दांचा क्रम बदलून पुन्हा. रोगनिदान यातून होत नाही. पण शेवटच्या दोन रांगांचे गुण पहिल्या फेरीत ढासळले आणि दुसऱ्या फेरीत सावरले, तर ती मुलांची चूक नव्हती. पुढची बैठक शाळेच्या इमारतीचं काम बघणाऱ्यांबरोबर घ्यावी आणि हे दोन्ही फेऱ्यांचे कागद टेबलावर ठेवावेत. दोन्ही फेऱ्यांत एखादंच मूल सगळ्यांच्या बरंच मागे राहिलं, तर त्याला त्याच दिवशी पुढच्या बाकावर, बोलणाऱ्याचं तोंड दिसेल असं बसवावं, आणि त्याच आठवड्यात पालकांना बोलावून कानाच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी.